ओरांडा : आधी टाकी विका, मग मासा

शोभेच्या माशांच्या दुकानात ग्राहकाची नजर आधी ओरांडावर जाते. डोक्यावर मखमली टोपी घातल्यासारखा दिसणारा हा सोनमासा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानदारांना चांगलाच परिचित आहे. टाक्या आणि स्टँडच्या निमित्ताने काचकाम, सुतारकाम व वेल्डिंग करणाऱ्या कारागीर बांधवांचाही या धंद्याशी संबंध येतो. म्हणून आज आम्ही या माशाची माहिती देत आहोत.

ओरांडा या नावामागे व्यापाराचीच कथा आहे. सोनमासा मूळचा चीनचा. सुमारे हजार वर्षांपासून तेथे तो पाळला जातो. ओरांडाची मूळ जातही चीनचीच. जपानने परदेशीयांना दारे बंद केली होती, तेव्हा युरोपियनांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा होती. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षे त्यांची वखार नागासाकीच्या देजिमा बेटावर होती. जपानी लोक हॉलंडला ‘ओरांडा’ म्हणत, आणि परदेशातून आलेल्या नवलाईच्या मालालाही तेच नाव चिकटे. अशा रीतीने चिनी माशाला डचांचे नाव मिळाले. माल घडवणाऱ्याचे नाव मागे राहते, हे कारागिरांना नव्याने सांगायला नको!

ओळख आणि प्रकार

अंड्यासारखे गोल शरीर, दुहेरी लोंबती शेपटी आणि डोक्यावर मांसल वाढ ही ओरांडाची लक्षणे. पाठीवर पर असतो. रांचू आणि लायनहेड या जातींना तो नसतो. रंग अनेक : लाल, पांढरा, काळा, निळसर, चॉकलेटी आणि ठिपक्यांचा कॅलिको. पांढऱ्या अंगावर लाल टोपी असलेल्या ‘रेड कॅप’ला विशेष मागणी असते. चांगली निगा राखल्यास हा मासा वीत-दीड वीत वाढतो आणि दहा वर्षांहूनही अधिक जगतो.

दोन गोष्टी ग्राहकाला आधीच सांगाव्यात. पिलाला टोपी नसते, ती वयाबरोबर वाढते. दुसरे म्हणजे काळा मासा पुढे तांबूस होऊ शकतो. हे विक्रीच्या वेळी सांगितले तर माहिती ठरते. नंतर सांगितले तर सबब वाटते.

टाकी आणि पाणी

काचेच्या गोल भांड्यात ओरांडा टिकत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो आणि थोड्या पाण्यात त्याचे लवकर विष होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत सुमारे ७० लिटर पाणी मावते. ती एका माशापुरती समजावी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच टाकी १३० लिटरची होते. तीत दोन मासे सुखाने राहतात. नुसत्या पाण्याचेच वजन १३० किलो होते, हे स्टँड बनवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

फिल्टर हवाच. अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन मारण्यासाठी हायपो वापरावा. हा थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश तापमान त्याला मानवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकी उन्हापासून दूर ठेवावी आणि एअर पंप बंद पडू देऊ नये, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

खाणे आणि आजार

तळाशी बसणारे दाणे भिजवून, थोडे थोडे द्यावेत. अतिखाण्याने आणि गोल बांध्यामुळे मासा उलटा तरंगू लागतो. तसे झाल्यास एक-दोन दिवस उपास घालावा, मग सोललेला उकडलेला वाटाणा द्यावा. टोपीच्या घड्यांत घाण साचते, म्हणून पाणी स्वच्छ हवे. टोपी डोळ्यांवर आली तरी घरी कात्री लावू नये. टोकदार दगड आणि चपळ मासे यांच्यापासून त्याला दूर ठेवावे. नवा माल दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

विक्रीची रीत

गोल भांडे आणि मासा एकदम दिला की त्या दिवशीचा गल्ला भरतो. पण आठवड्यात मासा मेला की ग्राहक हौसही सोडतो आणि दुकानही. आमचे सांगणे असे, की आधी टाकी व फिल्टर विकावा, आठवड्याने पाण्याची चौकशी करावी, सुरुवातीला एखादा स्वस्त, काटक मासा द्यावा आणि महिना-दीड महिन्याने ओरांडा द्यावा. मासा जगला तर तोच ग्राहक खाद्य, फिल्टरचा स्पंज आणि पुढे मोठ्या टाकीसाठी वर्षानुवर्षे आपल्याच दुकानाची पायरी चढतो.