ससाणा, बाज आणि ससा

आपल्या विभागातील विद्यार्थी ‘मानसोल्लास’ वाचावयास घेतात तेव्हा बहुधा गीत, वाद्य आणि पाकशास्त्र यांच्या प्रकरणांकडे वळतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याने सिद्ध केलेल्या या शंभर अध्यायांच्या ग्रंथात सारमेयविनोद आणि मत्स्यविनोद यांच्या मध्ये ‘श्येनविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. आजच्या परभणी जिल्ह्याचा मुलूख त्या काळी कल्याणीच्याच सत्तेखाली होता. तेव्हा हे प्रकरण आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. तरीही ते समजून घेताना नवखा वाचक पहिल्याच शब्दाशी अडखळतो. कोश उघडला की ‘श्येन म्हणजे ससाणा’ असे उत्तर मिळते, आणि येथूनच घोटाळा सुरू होतो.

‘ससाणा’ या शब्दातच ससा आहे. अमरकोशात श्येनाचे एक नाव ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, असे दिले आहे. शशादन, ससाअण, ससाणा ही परंपरा ध्वनिदृष्ट्या अगदी सरळ आहे व ती मानण्यास हरकत दिसत नाही. परंतु आज मराठीत आपण ज्यांना ससाणे म्हणतो ते पक्षी, म्हणजे बहिरी ससाणा, शाहीन, लग्गड, हे मुख्यतः पाखरांवर जगतात. ‘बहिरी’चा बहिरेपणाशी काही संबंध नाही, तो अरबी ‘बहरी’, म्हणजे समुद्राकडचा, हा शब्द आहे. हा पक्षी थंडीत उत्तरेकडून दख्खनेत उतरतो आणि उंचावरून सूर मारून उडत्या पाखराला आघात करतो. दोनअडीच किलो वजनाचा, झुडपाझुडपांतून वळणे घेत पळणारा ससा हे त्याचे काम नव्हे. मग शशादन कोण?

उत्तर डोळ्यांत आहे. कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊँचा, राजा रुद्रदेव याचे सात परिच्छेदांचे ‘श्यैनिकशास्त्र’ हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. त्यात शिकारी पक्ष्यांचे कृष्णाक्ष आणि पाटलाक्ष असे दोन वर्ग केले आहेत. फारसी परंपरेतील सियाहचश्म आणि गुलाबचश्म हे वर्ग हेच होत. फारसी ‘बाज’ हा शब्दच त्या संस्कृत ग्रंथात ‘वाज’ होऊन अवतरला आहे. काळ्या डोळ्यांच्या पक्ष्यांचे पंख लांब व टोकदार. त्यांना मोकळे आकाश लागते. पिवळ्या वा तांबूस डोळ्यांच्या पक्ष्यांचे पंख आखूड व रुंद, शेपटी लांब. ते माणसाच्या मुठीवरून सरळ सुटतात, थोडे अंतर अतिवेगाने कापतात आणि भक्ष्य पंज्यांनी आवळून धरतात. शिक्रा याच वर्गातला, परंतु सशापुढे तो अगदीच लहान. सशाचा खरा वैरी म्हणजे बाज, आणि त्यातही मादी. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते. ‘बाज’ हे नाव मादीचे, नराला ‘जुर्रा’ म्हणतात.

सशाच्या शिकारीला हिवाळाच का, हेही नवख्याने ध्यानी घ्यावे. उन्हाळ्यापावसाळ्यात पाळीव शिकारी पक्ष्याची पिसे झडून नवी येतात. त्या काळात त्याला उडवीत नसत. शिवाय पक्षी उडतो तो भुकेसाठी, स्वामिभक्तीसाठी नव्हे. तृप्त पक्षी झाडावर जाऊन बसतो, फार उपाशी ठेवला तर त्याच्यात जोर राहत नाही. या दोहोंमधले नेमके वजन राखणे हीच बाजदाराची खरी विद्या. पक्षी धीट व्हावा म्हणून त्याला मुठीवर घेऊन दिवसचे दिवस गर्दीतून हिंडवीत. पायांत चामड्याच्या वाद्या, एक घुंगरू, बाजदाराच्या हातात जाड हातमोजा, सामग्री एवढीच.

प्रत्यक्ष शिकारीचे वर्णन करताना टी. सी. जेर्डन यांचा आधार घ्यावा लागतो. हे शल्यवैद्य काही काळ परभणीला लागून असलेल्या जालन्याच्या छावणीत होते. त्यांचा ‘भारतातील पक्षी’ हा ग्रंथ १८६२ पासून प्रसिद्ध झाला. बाज सशावर सोडावयाचा असेल तर त्याच्या पायांना चामड्याची आवरणे चढवीत असत असे ते सांगतात, आणि त्याचे कारणही देतात. बाज एकाच पायाने सशाला धरतो आणि दुसरा पाय मागे ताणून गवत, काटक्या, जे मिळेल ते पकडतो, म्हणजे धावत्या सशाला लगाम बसतो. या ओढाताणीत काट्यांनी पाय फाटतात. परभणीकडची बोरीबाभळीची बने आणि काढणीनंतर शेतात उभी राहिलेली तुरीची धसकटे ज्याने पाहिली आहेत त्याला त्या आवरणांची गरज निराळी समजावून द्यावी लागणार नाही. ससा मागच्या पायांनी लाथा झाडतो. म्हणून बाजदाराला धावत जाऊन पक्ष्याला सोडवावे लागे आणि मांसाचा तुकडा लगेच द्यावा लागे. पहिल्याच झुंजीत मार खाल्लेला पक्षी पुन्हा सशाकडे पाहत नाही.

बाज हा मात्र आपल्या मुलखातला पक्षी नव्हे. तो हिमालयाकडचा, दख्खनेत तो आणावाच लागे, आणि साहजिकच दरबारी वैभवाचा भाग ठरे. यातून शब्दाच्या स्थलांतराचा एक तर्क सुचतो. सशाची शिकार करणारा पक्षी येथे सहज दिसत नव्हता. त्यामुळे त्याचे नाव नजरेसमोरच्या काळ्या डोळ्यांच्या पक्ष्यावर बसले असावे. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु ‘श्येन’ला सरसकट ‘ससाणा’ म्हणणाऱ्या भाषांतरात मुठीवरून सुटणारा पक्षी आणि आकाशातून कोसळणारा पक्षी एकच होऊन जातात व मूळ श्लोकातली क्रिया कळेनाशी होते, हे निश्चित. असे स्थळ आले की आधी डोळ्यांचा रंग, पंखांची लांबी आणि झेपेची रीत यांचा उल्लेख शोधावा. कोश नंतर उघडावा.

श्येनपालन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१० साली आले. २०२१ पर्यंत त्यात २४ देशांची नावे नोंदली गेली, त्यांत पाकिस्तान आहे, भारत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली हे पक्षी पकडणे व सशाची शिकार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा अभ्यासकाने दुर्बीण घेऊन शेताच्या कडेच्या बाभळीवर बसलेला शिक्रा पाहावा. पाटलाक्ष कशाला म्हणतात ते त्याच्या डोळ्यांवरून कळते. कृष्णाक्षासाठी थंडीत जिंतूरच्या डोंगराकडे किंवा गोदावरीकाठी बहिरी दिसतो का, हे पाहावे.