काचेपलीकडून शिकविणे

घरातील बेबनावावर उपचार करणाऱ्या माणसाला ती विद्या शिकवावी कशी? जुनी रीत अशी की, शिकाऊ माणसाने बंद दाराआड कुटुंबाशी बोलावे आणि आठवड्याने गुरूपुढे जाऊन हकीगत सांगावी. ह्या रीतीतली खोड आम्हां युनियनवाल्यांना पुरी ठाऊक आहे. मालकाशी बोलणी करून आलेला नवा कार्यकर्ता आपण काय बोललो ते सविस्तर सांगतो. आपला आवाज कोठे चढला, हे मात्र त्याच्या ध्यानीही नसते. त्यासाठी शेजारी जुना माणूस बसलेला असावा लागतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन चिकित्सालयात ही सोय झाली. साल्वादोर मिनुचिन १९६५ साली तेथे संचालक झाले, १९६७ मध्ये जे हेली त्यांना येऊन मिळाले. शिकाऊ उपचारक आणि गुरू ह्यांच्यामध्ये एकाच बाजूने दिसणारी काच असे, आणि दोन्ही खोल्यांना जोडणारा टेलिफोन. अर्थात कुटुंबाची संमती आधी घ्यावयाची असते.

समजा, मुलगा शाळेला जात नाही. शिकाऊ त्याला कारण विचारतो, उत्तर आई देते. पुन्हा विचारतो, पुन्हा आईच. बाप खिडकीबाहेर पाहत बसलेला. खोलीतल्याला हे जाणवत नाही, कारण तोही त्या घरच्या चालीत ओढला गेलेला असतो. काचेमागे मात्र ते स्वच्छ दिसते. फोन वाजतो: “आईबापांनाच एकमेकांशी बोलू द्या; तुम्ही गप्प राहा.” चूक घडत असतानाच दुरुस्त होते, घरच्यांना आठवडाभर तिष्ठावे लागत नाही. फोन मात्र क्वचित आणि थोडक्यात. एरवी शिकाऊ माणसाचे कळसूत्री बाहुले व्हायचे.

मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. मिनुचिन, हेली आणि ब्राउलिओ मोन्ताल्वो ह्यांनी शहरातल्या गरीब वस्तीतील, पदवी नसलेली माणसे निवडली. त्यांत कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोचे होते. त्यांना अशाच देखरेखीखाली उपचारक केले. वस्तीतल्या घरांची बोली आणि भाड्याची ओढाताण त्यांना पुस्तकातून शिकावयाची नव्हती. राहिले होते ते कसब, आणि ते काचेपुढे घोटून घेता येत होते. ह्यात ढिलाई होती असे कोणी म्हणेल, तर उलट आहे. बंद दाराआड काय केले ते कोणी न पाहण्याची जी मोकळीक पदवीधरांना मिळते, ती ह्यांना नव्हती.

आणि काच काही शिकाऊंपुरतीच राहिली नाही. १९७० च्या दशकात इटलीतील मिलान येथे मारा सेल्विनी पालाझ्झोली आणि त्यांचे तीन सहकारी कुटुंबांवर उपचार करीत. चौघेही मनोविकारतज्ज्ञ. दोघे कुटुंबापुढे बसत, दोघे काचेमागे.