दुकानाला सहा दिवस कुलूप : कोझिकोडच्या किनाऱ्यावरील सुट्टीचा हिशेब

व्यापार-उद्योगाच्या पानावर समुद्रकिनाऱ्याच्या सहलीचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचक बंधूंना पडेल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयातील तीन-चार दुकानदार व कारागीर ऐन उमेदीत अंथरुणाला खिळले आणि प्रत्येकाच्या घरी आम्हाला एकच वाक्य ऐकायला मिळाले, "यांनी कधी सुट्टी म्हणून घेतली नाही." नोकरदाराला पगारी रजा असते. शिंप्याला, सुताराला, किराणा दुकानदाराला ती कोणी देत नाही. त्याने ती स्वतःच कमवायची असते आणि जे कमवायचे त्याचा हिशेब आधी मांडावा लागतो. म्हणून हा विषय याच पानावरचा आहे.

गाव कोणते निवडावे? आम्ही केरळातील कोझिकोड, म्हणजे जुने कालिकत, सुचवतो. समुद्र शहराला लागूनच आहे, हलाल खाण्याची अडचण नाही, मशिदी जागोजागी आहेत आणि शहराचा सारा इतिहास व्यापाराचा व कारागिरीचा आहे. मलबारचे मुसलमान आपल्या कोकणी बांधवांप्रमाणे शाफई मसलकाचे आहेत. त्यामुळे रत्नागिरी-रायगडच्या माणसाला तेथील नमाजाच्या वेळा घरच्यासारख्याच वाटतील. देशावरच्या हनफी बांधवांनी असरची अजान लवकर होते, एवढे ध्यानात ठेवावे.

केव्हा जावे?

येथे आम्ही स्वतः ठोकर खाल्ली आहे. एका वर्षी धंदा मंद असतो म्हणून आम्ही जूनमध्ये गेलो. चार दिवस खोलीच्या खिडकीतून पाऊस पाहिला आणि खवळलेल्या समुद्राला लांबूनच सलाम करून परतलो. मलबारात जून ते सप्टेंबर मोठा पाऊस असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा. एप्रिल-मे मध्ये उकाडा असतो. शिवाय त्या काळात कधी कधी वारा नसताना दूरवरच्या लाटा एकाएकी किनाऱ्यावर चढतात. स्थानिक लोक त्याला कळ्ळक्कडल, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही नाताळचा आठवडा गर्दीचा म्हणून टाळावा.

आता ही तारीख धंद्याच्या पंचांगाशी जुळवा. कापडवाला व शिंपी यांचा हंगाम रमजान-ईदचा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सध्याच्या वर्षांत तो थंडीच्या दिवसांत येऊ लागला आहे. रमजानमध्ये तेथील अनेक खाणावळीही दिवसा बंद असतात. म्हणून प्रथम ईदची तारीख पाहावी, मग लग्नसराई, मग मुलांच्या परीक्षा. दरमहा जीएसटी विवरण भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखा मोकळ्या ठेवाव्यात.

पाच खाती

सहलीच्या वहीत बहुतेक जण चार खाती मांडतात. प्रवास, मुक्काम, जेवण आणि खरेदी. पाचवे खाते विसरतात, ते म्हणजे बुडालेली कमाई. समजा, एखादा कारागीर दिवसाला ८०० रुपये कमावतो. सहा दिवसांचे ४,८०० रुपये हा सहलीचाच खर्च आहे. तो आधी बाजूला काढला नाही तर परतल्यावर घरात चणचण भासते आणि मग, "सहल महागात पडली" असे म्हणून माणूस पुन्हा दहा वर्षे बाहेर पडत नाही.

व्याजाने पैसे काढून सुट्टीला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. रोज ६० रुपये बाजूला टाकले तर कामाच्या ३०० दिवसांत १८,००० रुपये जमतात. चार-पाच घरांनी मिळून भिशी लावली तर शिस्तही राहते. निघण्यापूर्वी उधारी वसूल करावी, दिलेल्या चेकच्या तारखा पाहाव्यात आणि दुकानावर पंधरा दिवस आधी पाटी लावावी, अमुक तारखेला बंद, अमुक तारखेला सुरू. शिंप्याने त्या दिवसांतील कपड्याचा वायदा कोणालाच देऊ नये. गिऱ्हाईक बंद दुकानावर रागवत नाही, मोडलेल्या वायद्यावर रागावते.

प्रवास आणि चार दिवस

१९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि मुंबई-कोझिकोड प्रवास सोपा झाला. नेत्रावती एक्सप्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटते, ठाणे, पनवेल, रत्नागिरी घेत जाते आणि दुसऱ्या दिवशी कोझिकोडला पोचवते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे तो दिवस चुकवू नये. जाण्यायेण्याचे दिवस धरून सहा दिवस आणि तीन रात्रींचा मुक्काम पुरेसा होतो.

पहिला दिवस शहराला द्यावा. सकाळी कुट्टिचिरा तलावाकाठची मिश्कल मशीद पाहावी. १४ व्या शतकात येमेनहून आलेल्या मिश्कल नावाच्या नाखुदा व्यापाऱ्याने ती बांधली. उतरत्या छपरांची, लाकडी कामाची, अनेक मजल्यांची ही मशीद १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जाळली, ती पुन्हा उभी राहिली. संध्याकाळी शहराच्या किनाऱ्यावर बसावे, मिठाच्या पाण्यात मुरवलेली फळे खावीत, बिनदुधाचा सुलेमानी चहा प्यावा. जुन्या धक्क्याचे खांब उभे आहेत, त्यांच्या आसपास पाण्यात उतरू नये.

दुसरा दिवस कप्पाडचा. १४९८ मध्ये वास्को द गामा आला त्याची आठवण म्हणून तेथे दगड उभारला आहे. शहराच्या उत्तरेस साधारण सोळा-सतरा किलोमीटरवरील या किनाऱ्याला २०२० मध्ये स्वच्छता व सुरक्षिततेचे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. बायका-मुलांना पाण्यात खेळायला हाच किनारा बरा, तोही जीवरक्षक सांगतील त्याच हद्दीत.

तिसरा दिवस कारागीर वाचकांनी चुकवू नये. दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर बेपूर येथे उरू, म्हणजे मोठी लाकडी गलबते, बांधली जातात. परंपरेने कागदावर नकाशा नसतो, सारे माप मिस्त्रीच्या डोक्यात असते. आपल्या कोकणात खलाशी म्हणजे गलबतावर चाकरी करणारा. बेपूरचा खलाशी मात्र दोर, कप्पी आणि ओंडके यांच्या बळावर प्रचंड वजन हलवणारा. १९८८ मध्ये पेरुमण येथे रेल्वेचे डबे तलावात कोसळले तेव्हा ते वर काढायला हेच खलाशी धावले होते. काम चालू असेल तर परवानगी घेऊन मुलांना दाखवावे. हाताच्या हुन्नराची किंमत त्यांना तेथे कळेल.

चौथ्या दिवशी मिठाई तेरुवु या पेठेत हलवा व केळ्याचे वेफर्स घ्यावेत आणि संध्याकाळची गाडी धरावी. हलवा खोबरेल तेलातला असतो, प्रवासात टिकतो. खरेदीचे पाकीट मात्र घरूनच वेगळे बांधून न्यावे.

शेवटी एक जुनी गोष्ट. १४४२ च्या सुमारास इराणचा वकील अब्दुर्रज्जाक या बंदरात उतरला. त्याने लिहून ठेवले आहे की, येथे परदेशी व्यापारी आपला माल बाजारात उतरवून निर्धास्त असतात, जकातीचे अधिकारी त्याची राखण करतात, माल विकला तर चाळीसावा भाग घेतात आणि न विकला तर काहीच घेत नाहीत. परक्या मुलखात, ओळखदेख नसलेल्या बाजारात त्या लोकांनी आपला माल सोडला. आम्ही आमच्या मोहल्ल्यात, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर, सहा दिवस कुलूप लावायला घाबरतो. दुकान आपल्यासाठी आहे की आपण दुकानासाठी, याचा विचार प्रत्येकाने करावा आणि विचार झाला की कॅलेंडरवर तारीख लिहावी.