दात गेला, खड्डा उरला

दात काढणं हे आपल्याकडे किरकोळ काम समजलं जातं. न्हाव्याकडे जाऊन यावं तसं लोक दाताच्या दवाखान्यात जाऊन येतात. सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या खानदेशी कुटुंबांच्या पिढ्या लूम, डाइंग मिल आणि कापड मार्केटवर जगल्या. तिथे तोंडात कापसाचा बोळा धरून थेट पाळीवर जाण्यात कुणाला फारसं वावगं वाटत नाही. मग तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते आणि सगळं खापर डॉक्टरवर फुटतं : तुकडा आत राहिला, नस दुखावली, हात कच्चा होता. कधीकधी ते खरंही असतं. पण जो बिघाड सगळ्यांत जास्त वेळा होतो, तो पुष्कळदा दाताच्या खुर्चीतून उठल्यानंतर घडतो. दात काढल्यानंतरचे पहिले तीन दिवस हा उपचाराचाच भाग आहे, आणि नेमका तोच भाग आपण रोग्याच्या नशिबावर सोडून दिला आहे.

दात निघाला की हाडात एक खड्डा उरतो. तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठतं. ही गडद लाल, जेलीसारखी गुठळी म्हणजे घाण नव्हे, तीच मलमपट्टी. तिच्याखाली हाड आणि नसांची टोकं झाकलेली राहतात आणि तिच्यातूनच नवं मांस भरत येतं. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे आणि आत हाड भरायला काही महिने लागतात, पण या सगळ्याचा पाया पहिल्या काही दिवसांत पडतो. गुठळी निसटली किंवा विरघळली तर हाड उघडं पडतं. याला दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात. दुखणं आधी उतरत आलेलं असतं, ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकदम उसळतं, तोंडाला दुर्गंधी येते आणि आरशात बघितलं तर रिकाम्या खड्ड्यात करडं-पांढरं हाड दिसतं. साध्या दातांत हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. खालची अक्कलदाढ हाड कोरून काढावी लागली, तर काही पाहण्यांत हे प्रमाण तिसापर्यंत गेलेलं आहे.

आता ही गुठळी टिकू न देणाऱ्या गोष्टी बघा. जोराने खुळखुळून चूळ भरणं, स्ट्रॉने ओढून पिणं, विडी ओढणं आणि थुंकणं. पिचकारी मारताना तोंडात जी ओढ तयार होते, ती गुठळीला मुळापासून हलवते. मावा खाणाऱ्याच्या बाबतीत तर सगळंच एकत्र येतं : सुपारीचे कण खड्ड्यात बसतात, चुना जखमेला भाजतो, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि वर पुन्हापुन्हा थुंकावं लागतं. शिवाय माव्याची गोळी धरायची जागा म्हणजे खालच्या दाढांशेजारचा गालफड. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून तळहातावर घोळणं काही थांबलं नाही. बायकांमध्ये मिश्रीची सवय आहे. ती तर दात साफ करण्याच्या नावाखाली थेट जखमेवरच घासली जाते. वर्षानुवर्षे सुपारी खाल्ली की गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडेनासं होतं. १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी भारतात या आजाराचं वर्णन केलं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात; इथे दोनही जात नाहीत, आणि एवढ्या फटीतून मागची दाढ काढताना डॉक्टरच्या हाताला जे झगडावं लागतं, त्याची किंमत पुन्हा जखमच मोजते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आमच्या आजोबांनी दोऱ्याने दात उपटला, त्यांना काही झालं नाही. आजोबांचा तो दात बहुधा हलता होता. हिरडीच्या जुन्या आजाराने भोवतालचं हाड झिजलेलं असलं की दात सहज निघतो. तिशीतल्या कामगाराची घट्ट रुतलेली, किडलेली दाढ ही वेगळी गोष्ट आहे. दुसरा आक्षेप अँटिबायोटिकचा. औषधाच्या दुकानातून तीन दिवसांचा कोर्स आणला की झालं, असं मानलं जातं. पण ड्राय सॉकेटमध्ये प्रश्न उघड्या हाडाचा असतो, तिथे जंतू मारून दुखणं थांबत नाही. खड्डा मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन त्यात औषधाची वात ठेवावी लागते, आणि तिचा मुख्य घटक युजेनॉल हा लवंगेचाच. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी मोलुक्का बेटांवरची लवंग याच सुरतेच्या बंदरात विकली. पण म्हणून घरचं लवंगतेल उघड्या जखमेत ओतू नये, ते मांस भाजतं. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे : सगळं पथ्य पाळूनही काहींना ड्राय सॉकेट होतो. म्हणून रोग्याला दोष देऊन मोकळं होणंही चूकच. धोका पुरता टळत नाही, पण कमी करता येतो, आणि तो कमी करायला निवांतपणा लागतो.

निवांतपणा म्हटलं की हातावर पोट असणारा माणूस हसतो. मजुरी मीटरवर असेल तर थांबलेल्या लूमचे पैसे कोण देणार? राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे, सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता साधारणपणे मिळत नाही. खोट्या रजा रोखायला ही अट ठेवली असणार, आणि तापाखोकल्यात ती खपूनही जाते. दाताच्या बाबतीत मात्र ती उलटी पडते. ज्या दोन दिवसांत पडून राहिलं तर गुठळी वाचते, ते बिनपगारी. जखम बिघडून आठवडाभर ड्रेसिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या की मग भत्ता. तोही ज्याच्या कारखान्यात दहा किंवा त्याहून जास्त माणसं कागदावर आहेत त्यालाच. मालकांनी निव्वळ हिशोब केला तरी दोन दिवसांची हलकी पाळी त्यांना स्वस्त पडेल. वाकून धागे सांधणं आणि ताके उचलणं यांत डोक्याकडे रक्त धावतं आणि जखम पुन्हा वाहू लागते.

घरचा वाटा जेवणाचा. गार दही-भात, ताकातली ज्वारीची आंबील, पातळ मुगाची खिचडी निववून. सुरती लोचो मऊ असतो खरा, पण वरची शेव आणि हिरवी मिरची खड्ड्याला सोसत नाही. पहिल्या दिवशी गालाला शेक देण्याची आपली जुनी सवयही सोडावी; बाहेरून बर्फ लावावा, आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या २४ तासांनंतर, हलक्या.

काही खुणांना मात्र घरी थारा नाही. जबड्याखाली टणक सूज, जीभ वर उचलली जाणं, गिळता न येणं, श्वास अडणं : १८३६ मध्ये जर्मन वैद्य लुडविग यांनी वर्णन केलेला हा संसर्ग काही तासांत घसा बंद करू शकतो, तेव्हा सिव्हिल गाठायचं, रात्र असली तरी. मधुमेही माणसाचा खड्डा दोन आठवड्यांनीही भरू लागला नसेल तर तेही गंभीर. कोविडनंतर काळी बुरशी पसरली आणि २० मे २०२१ रोजी गुजरातने तिला साथरोग जाहीर केलं, तेव्हा हलणारे दात आणि न भरणारी जखम घेऊन कितीतरी रोगी आधी दंतवैद्याकडेच गेले होते.

दवाखान्यात हे सगळं सांगतात, नाही असं नाही. पण सांगतात कधी, तर दात काढून झाल्यावर, जीभ बधिर असताना, बोळा दाताखाली दाबलेला असताना. रोगी फक्त मान हलवू शकतो, विचारू काहीच शकत नाही. हातात दिलेला कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत, आणि घरी जेवण करणारी बाई मराठी शाळेत शिकलेली. तेव्हा सूचना दात काढायच्या आधी द्याव्यात, घरच्या माणसासमोर, मराठीत, आणि त्यातली पहिली असावी : थुंकू नका, गिळा. दुसरं म्हणजे तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक फोन, दात काढण्याच्या फीमध्येच धरलेला. डॉक्टर म्हणतील वेळ कुणाला आहे. फोन डॉक्टरनेच करायला हवा असं नाही, मदतनीस मुलगीही करू शकते. विचारायचं एकच : दुखणं कालपेक्षा कमी की जास्त? 'जास्त' असं उत्तर आलं तर त्याच दिवशी बोलवायचं, पाळी सुटायची वाट न बघता.