पुन्हा व्यायाम सुरू करताना

चिंचपोकळी स्टेशनचा पूल हातात दोन पिशव्या घेऊन चढताना वय कळते. त्याहून नेमके कळते नमाज पढताना. सजद्यातून उठताना गुडघ्यावर हात टेकवावा लागला की समजावे, मांड्यांची ताकद उतरली. सत्तेचाळिशीत माझे तसे झाले. एका सोमवारी जिममध्ये नाव घातले आणि पुढच्या सोमवारी खांदा धरून घरी बसलो.

चूक आठवणीची होती. आमच्या या गिरणगावात चाळींच्या आधाराने व्यायामशाळा चालत. तिथे विशीत काढलेल्या दंड-बैठका मनाने जपून ठेवल्या होत्या, शरीराने नाही. व्यायाम परत सुरू केला की स्नायू तसे लवकर साथ देतात. पण त्यांना हाडाशी बांधणारे टेंडन आणि सांधे सावकाश तयार होतात. ताकद आली असे वाटते, आपण वजन वाढवतो, आणि दुखापत नेमकी तेव्हाच होते.

जिममध्ये मिळालेला तक्ता असा: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, असे सहा दिवस. हा तक्ता शरीर कमावणे हेच ज्याचे काम आहे, त्याचा. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याचा एक बुधवार चुकला की पायांना आठवडाभर काहीच नाही. उलट, दर वेळी सगळ्या शरीराचा व्यायाम असेल आणि तो आठवड्यातून दोन-तीनदा असेल, तर एक दिवस बुडूनही फारसे बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम करावा, असेच आहे.

वजन किती घ्यावे, याचे एक जुने उत्तर मला पटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोतील लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म हे डॉक्टर जखमी सैनिकांकडून वजने उचलवून घेत. पुढे त्यांनी ठरवलेली रीत सोपी आहे: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने पहिल्या दहा आवृत्त्या, पाऊण वजनाने दुसऱ्या दहा, आणि पूर्ण वजनाने शेवटच्या दहा. आपल्या वयात मी यात एवढाच बदल करीन की पहिला महिनाभर शेवटच्या फेरीतही अंगात दोन-तीन आवृत्त्यांची ताकद शिल्लक ठेवावी.

व्यायाम चार पुरेत: खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, पिशवी जमिनीवरून नीट उचलणे आणि कमरेत वाकून ती पोटाकडे ओढणे. पाच लिटर पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो. वेगळे सामान लागत नाही. लागोपाठ दोन दिवस बारा आवृत्त्या सहज झाल्या, तरच अर्धा-एक किलो वाढवावे. जो तक्ता वजन कधी वाढवायचे हे सांगत नाही, तो घेऊ नये. तक्त्यासोबत पावडरीचा डबा गळ्यात मारणाऱ्यापासूनही जपावे.

रक्तदाब असेल तर श्वास रोखून वजन उचलू नये. हृदयविकार, हर्निया असेल किंवा साखरेची गोळी-इंजेक्शन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे.

रमजानमध्ये नवे वजन नको. इफ्तारनंतर थोड्या वेळाने, हलके, तेही दोनच दिवस. तरावीहमधले उठणे-बसणे असतेच.

वय फार झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1990मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला होता. नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. आपण तर पन्नाशीही गाठलेली नाही.

बायकांनी हे वाचून पान उलटू नये. पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात आणि त्या वयात वजनाचा व्यायाम त्यांना जास्त लागतो. आमच्या घरात आता दोन वह्या आहेत, तारीख, वजन आणि आवृत्त्या लिहिलेल्या. बेगमची वही सध्या माझ्यापेक्षा एक किलोने पुढे आहे.