अँटिबायोटिकची उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. कोर्स मनाने बंदही करू नका

छत्रपती संभाजीनगर : पाऊस सुरू झाला की पैठण, गंगापूरपासून सिल्लोड, सोयगावपर्यंत गावोगावी ताप, खोकला, जुलाबाचे रुग्ण वाढतात. पेरणी-खुरपणीचे दिवस, दवाखान्यात जायला सवड नसते. मग मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप निघते, नाहीतर मेडिकलवर 'दोन दिवसांची हाय पॉवर द्या' असं सांगितलं जातं. ही सवय अंगाशी येऊ शकते.

अँटिबायोटिक कशावर चालतं?

फक्त जिवाणूंवर. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांच्यावर ही गोळी म्हणजे माव्यावर बुरशीनाशक फवारल्यासारखं. खर्च होतो, गुण येत नाही.

उलट नुकसान होतं. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देईना, हे शेतकऱ्यांनी पाहिलंच आहे. जिवाणूंचंही तसंच. औषधात तग धरणारे उरतात आणि तेच वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात अपुऱ्या डोसाच्या या धोक्याची सूचना दिली होती. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे.

डॉक्टरांना आधी काय सांगायचं?

पूर्वी एखाद्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं का, मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास आहे का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, हे सगळं सांगा. बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा.

गोळी घेताना

- डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच दिवस घ्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी मनाने बंद करू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा.
- वेळ ठरवून घ्या. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. एकदम दोन घेऊ नका.
- डॉक्सिसायक्लिन बसून, ग्लासभर पाण्यासोबत घ्या. लगेच आडवं होऊ नका. या गोळीने ऊन बाधतं, म्हणून शेतात अंग झाकून जा.
- सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दूध-दह्यासोबत घेऊ नका, गुण कमी येतो. पित्ताची, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते विचारा.
- लेकरांचं पावडरचं सिरप उकळून थंड केलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या खुणेपर्यंत करा. दर वेळी हलवून, मापाच्या झाकणानेच द्या. बाटलीवर लिहिलेले दिवस संपले की उरलेलं टाकून द्या.

लगेच दवाखाना गाठा

ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर पुढची गोळी घेऊ नका, १०८ ला फोन करा. जोराचे किंवा रक्ताचे जुलाब लागले तरी थांबू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर गोळी मनाने बदलू नका, परत दाखवा. कोणतं औषध लागू पडेल हे लघवी किंवा जखमेतल्या पुवाच्या कल्चर तपासणीतून कळतं.

चिठ्ठी मागणं हा नियम

स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. सेफिक्सिमसारखी काही औषधं १ मार्च २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. ती विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव मेडिकलवाल्याला रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. त्यामुळे चिठ्ठी मागितली तर तो अडवतोय असं समजू नका.

चिठ्ठीसाठी पैसेही लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घरात जुनी स्ट्रिप पडली असेल तर तिच्या भरवशावर राहू नका, आधी केंद्रात दाखवा.