पाट्यांच्या घड्याळ-रेडिओचा दिवा

दुरुस्तीला नेण्याआधी संचामागची पट्टी वाचा. तिच्यावर फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत. आपल्या ५० हर्ट्झवर पाट्यांचं (फ्लिप) घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडतं. दोष मोटरचा नसतो.

आकड्यांवरचा नारिंगी उजेड बहुधा छोट्या निऑन दिव्याचा. वर्षानुवर्षं पेटून त्याची काच आतून काळवंडते, मग तो लुकलुकतो. नवा दिवा स्वस्तात मिळतो, पण त्याला रेझिस्टर हवाच. थेट २३० व्होल्टवर तो १२० व्होल्टवरच्यापेक्षा जास्त ओहमचा लागतो. निऑनच्या जागी नुसता एलईडी जोडू नका. या घड्याळाला मूळचा नारिंगीच शोभतो. झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढाच.